बऱ्हाणपूरचे पुरे आणि तेथील माणसे

एखाद्या शहराची वस्ती कोणकोणत्या वंशांची आहे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. शिरगणतीचे पुस्तक उघडावे, रकाने पाहावेत आणि टक्केवारी सांगून मोकळे व्हावे, इतकेच काय ते काम, असे आपणांस वाटते. परंतु जुन्या शहरांच्या बाबतीत हा हिशेब इतका सरळ राहत नाही. पाचसहाशे वर्षे ज्या गावात माणसे येत राहिली, दुष्काळात मरत राहिली, लुटालुटीत उठून जात राहिली आणि त्यांच्या रिकाम्या घरांत दुसरी माणसे येऊन राहिली, त्या गावाला ‘तुझा वंश कोणता?’ असे विचारणे म्हणजे नदीला ‘तुझे मूळचे पाणी कोणते?’ असे विचारण्यासारखे आहे. आज अशाच एका शहराविषयी मी बोलणार आहे. ते शहर म्हणजे तापीकाठचे बऱ्हाणपूर.

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की सावदा, रावेर ही जळगाव जिल्ह्यातील स्थानके मागे पडतात आणि थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. केळीच्या बागा त्याच, काळी जमीन तीच, शेतकऱ्याच्या तोंडची बोलीही पुष्कळशी तीच. बदलते ते राज्य. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा तालुका मध्य प्रदेशात राहिला आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी खांडवा जिल्ह्यातून वेगळा काढून त्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. २०११ च्या शिरगणतीत बऱ्हाणपूर शहराची लोकसंख्या २,१०,८८६ इतकी भरली. त्यांत सुमारे निम्मे मुसलमान असून उरलेल्यांत हिंदूंचा भरणा मोठा आहे. जैन, शीख, बौद्ध आणि थोडे ख्रिस्तीही आहेत. बाजारातून एक फेरी मारली तर उर्दू, हिंदी, मराठी, निमाडी, गुजराती आणि सिंधी एवढ्या भाषा कानावर पडतात. आठवड्याच्या बाजारी सातपुड्यातून उतरलेले कोरकू भेटले, तर सातवी भाषाही ऐकावयास मिळते.

ही सर्व मंडळी येथे आली कोठून? याचे उत्तर शोधावयाचे तर पहिली पायरी म्हणून शहराच्या वस्त्यांची नावे वाचावीत. सिंधीपुरा, लोधीपुरा, राजपुरा, शिकारपुरा, दाउदपुरा, हमीदपुरा, प्रतापपुरा, आलमगंज, लोहारमंडी, महाजनापेठ, शनवारा, बुधवारा, इतवारा. पुणेकर श्रोत्यांना यातील रीत ओळखीची वाटेल. शनिवार, बुधवार, रविवार या पुण्याच्या पेठा वारांवरून ओळखल्या जातात, तसेच येथले शनवारा, बुधवारा आणि इतवारा. काही नावे राजपुरुषांची, काही धंद्यांची आणि काही लोकसमूहांची. ‘पुरा’ म्हणजे मूळ गावाच्या अंगाला नव्याने वसवलेली वस्ती. तेव्हा ज्या शहरात पुरे अधिक, त्या शहरात बाहेरून आलेली माणसे अधिक, असे सामान्यतः समजावयास हरकत नाही.

तथापि येथेच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नावावरून वंश ठरविण्याचा मोह फार मोठा असतो, आणि तो किती फसवा आहे हे आम्हां वसईकडच्या ख्रिस्ती लोकांना चांगले ठाऊक आहे. आमच्या घरोघर परेरा, डिमेलो, गोन्साल्विस अशी आडनावे आहेत. केवळ आडनावे वाचणाऱ्यास वाटावे की ही सारी लिस्बनची प्रजा. प्रत्यक्षात ही कुटुंबे याच किनाऱ्यावरची. शेती करणारी, वाड्या राखणारी, मासेमारी करणारी. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव मिळाले ते पोर्तुगीज. माणूस मात्र आपल्याच मातीतला राहिला. अशा गावचा शिक्षक असल्यामुळे कोणत्याही नावाकडे मी थोडा थांबून पाहतो.

आता लोधीपुरा हेच नाव घ्या. ‘लोधी’ किंवा ‘लोदी’ म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला दिल्लीचे अफगाण सुलतान आठवतात. बऱ्हाणपुराशी तर एका लोदीचा फार निकटचा संबंध होता. जहांगीर बादशहाचा मोठा सरदार खानजहान लोदी हा दक्षिणेचा सुभेदार म्हणून येथे राहिला होता. शहाजहान गादीवर आल्यावर त्याचे बिनसले; १६२९ साली तो आग्र्याहून पळाला, निजामशहाला जाऊन मिळाला आणि १६३१ च्या आरंभी मारला गेला. त्याच्या पारिपत्यासाठी खुद्द शहाजहान १६३० मध्ये बऱ्हाणपुरास येऊन राहिला. मोगलांच्या सैन्यात अफगाण पुष्कळ होते आणि सुभ्याच्या ठाण्यावर त्यांची वस्ती असणे स्वाभाविकच होते. परंतु लोधी नावाचा दुसराही एक समाज आहे. नर्मदेच्या खोऱ्यात, जबलपूर, नरसिंगपूर, सागर, दमोह या भागांत पसरलेला तो शेतकरी समाज होय. तो हिंदू आहे आणि अफगाणांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. म्हणजे पाटीवरच्या एका शब्दात काबूलकडचा घोडेस्वारही मावतो आणि नर्मदाकाठचा नांगरधारीही मावतो. आणि आज लोधीपुऱ्यात जो राहतो, तो या दोहोंपैकी एकाचा वंशज असलाच पाहिजे, असेही नाही. पुऱ्याच्या नावावरून कोणीतरी केव्हातरी येऊन उतरल्याची वर्दी मिळते. आज तेथे कोण राहतो, हे त्यावरून कळत नाही.

तेव्हा नावांचा आधार घेत, परंतु त्यांच्या पूर्ण आहारी न जाता, शहराच्या इतिहासाकडे वळू.

बऱ्हाणपूर वसण्यापूर्वी हा प्रदेश ओसाड होता, असे मुळीच नाही. शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर असीरगडाचा किल्ला आहे. आसा नावाच्या एका अहीर गवळ्याच्या नावावरून त्याला ‘असीर’ म्हणू लागले, ही कथा इतिहासकार फिरिश्ता याने नोंदवून ठेवली आहे. खानदेशात आजही जी अहिराणी बोलली जाते, ती या अहिरांच्या नावाची. अहिरांखेरीज तापीच्या दोन्ही अंगांस भिल्ल आणि कोळी होते. सातपुड्याच्या उतारांवर कोरकू होते. कोरकूंची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातील नाही, तशीच ती तेलुगू-कानडीच्या कुळातीलही नाही. ती संथाळी आणि मुंडारी यांची बहीण आहे, आणि त्या मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेची भाषा म्हणून भाषाशास्त्रात तिची नोंद आहे. छोटा नागपूरच्या डोंगरांत जिचे आप्त राहतात अशी भाषा बोलणारे लोक तापीच्या खोऱ्यापर्यंत पसरले, ही गोष्ट पुष्कळ जुन्या काळाची साक्ष देते.

इसवी सन १४०० च्या सुमारास फारुकी घराण्यातील नसीरखानाने बऱ्हाणपूर वसविले. त्याचा बाप मलिक राजा याला दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेरचा मुलूख मिळाला होता. हे घराणे आपला वंश दुसरे खलिफा उमर फारुक यांच्यापर्यंत नेऊन पोहोचवीत असे. नव्या शहराला नाव देण्यात आले ते खुलताबादचे सूफी संत शेख बुऱ्हाणुद्दीन यांचे, आणि नदीपलीकडच्या गावाला त्यांचे शिष्य शेख झैनुद्दीन यांच्यावरून झैनाबाद म्हणू लागले. गुरू मूळचे हरियाणातील हांसीचे, शिष्य इराणातील शिराझचे, दोघांच्या समाध्या मराठवाड्यात आणि दोघांच्या नावाची गावे तापीच्या दोन तीरांवर. शहराच्या नावनिशीतच अशी चार मुलखांची माती मिसळली आहे.

फारुकी राजे अरबी वंशावळ सांगत असले, तरी आपली प्रजा कोण आहे याचा त्यांना विसर पडला नव्हता. शहराच्या मध्यभागी असलेली जामा मशीद राजा अली खान याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. तिच्यात अरबी शिलालेखाच्या सोबत एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ ही वर्षे, महिना, पक्ष, तिथी असे सारे पंचांग देऊन फारुकी राजांची वंशपरंपरा सांगितली आहे. मशिदीच्या भिंतीवर देवनागरीत शके आणि संवत कोरले जातात, याचा अर्थ तो मजकूर रचणारा पंडित, तो कोरणारा पाथरवट आणि तो वाचू शकणारा नागरिक हे तिघेही त्या शहरात होते. वस्तीच्या मिश्रणाचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच सापडतो.

याच फारुकी काळात सिंधी आले. सिंधमध्ये सोळाव्या शतकात राजकीय उलथापालथ चालली असताना तेथील पाट गावचे सूफी आणि विद्वान आपल्या शिष्यपरिवारासह बाहेर पडले आणि गुजरात-वऱ्हाड करीत बऱ्हाणपुरास स्थिरावले. त्यांच्यापैकी शेख इसा जुंदुल्ला हे १६२२ साली येथेच निवर्तले. त्यांच्या वस्तीवरून सिंधीपुरा हे नाव पडले. हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

१६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकी राज्य संपले. त्या वेढ्याची हकीकत सांगताना जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात असे आले आहे की, किल्ल्याचा सेनानी एक हबशी होता आणि तोफखान्यावर काही पोर्तुगीज नेमलेले होते. अकबराच्या छावणीत त्या वेळी फादर जेरोनिमो झेवियर स्वतः हजर होते. म्हणजे सातपुड्यातील एका किल्ल्यासाठी आफ्रिकेचा, युरोपचा, मध्य आशियाचा आणि राजपुतान्याचा माणूस एकाच वेळी लढत होता. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’मध्ये बऱ्हाणपुराचे वर्णन करताना बागांचा उल्लेख केला आहेच, शिवाय सर्व मुलखांचे लोक येथे राहतात आणि कारागिरांचा धंदा भरभराटीत आहे, हेही त्याने आवर्जून नमूद केले आहे. शहराच्या बहुरंगीपणाची ही चारशे वर्षांपूर्वीची नोंद होय.

मोगल अमदानीत बऱ्हाणपूर दक्षिणेच्या सुभ्याचे मुख्य ठाणे बनले. कवी आणि सेनापती अब्दुर्रहीम खानखानान येथे अनेक वर्षे राहिला. त्याच्या पदरी इराणातून आलेले कवी व लेखक असत; त्याचे चरित्र लिहिणारा अब्दुल बाकी हा नहावंदचा राहणारा. शहराला पाणी पुरविणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास याच काळात बांधण्यात आला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून, शंभराहून अधिक कुंड्या जोडीत शहरापर्यंत आणण्याची ही युक्ती इराणी कनातीच्या जातीची आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरच्या नहरीत जी विद्या दिसते, तीच ही. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या कुंडी भंडाऱ्याचा समावेश झाला. विद्या इराणची, डोंगर सातपुड्याचा आणि पाणी पिणारा दहा मुलखांचा, असा हा योग आहे.

उत्तरेतून कायस्थ आणि खत्री कारकून आले. औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमेचा डोळ्यांदेखतचा इतिहास लिहून ठेवणारा भीमसेन सक्सेना याचा जन्म १६४९ साली बऱ्हाणपुरातच झाला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या कोणासही त्याच्या ‘तारीख-इ-दिलकुशा’वाचून चालत नाही. व्यापाराच्या निमित्ताने गुजराती वाणी, जैन सराफ आणि बोहरी आले. येथील तलम कापड आणि कलाबतू यांची ख्याती इतकी होती की, फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हर्निये याने इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि पोलंडपर्यंत हा माल जातो असे लिहून ठेवले आहे.

परंतु, श्रोतेहो, एवढ्यावरून असे समजू नये की माणसांची ही भर एकसारखी पडत गेली आणि आजची वस्ती म्हणजे त्या सर्वांची बेरीज. मधूनमधून मोठी वजाबाकीही झाली. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि खानदेशावर जो दुष्काळ पडला, तो आपल्या इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक होय. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास निघाला, तेव्हा वाटेतील गावे ओस पडलेली आणि रस्त्याच्या कडेला प्रेते पडलेली त्याने पाहिली. ज्या वर्षी मुमताजमहल बऱ्हाणपुरास बाळंतपणात वारली, ते वर्ष १६३१. तिचे शव सहा महिने झैनाबादेस ठेवून मग आग्र्यास नेण्यात आले, ही कथा सर्वांस ठाऊक असते. त्याच वर्षी या मुलखातील विणकर आणि कुणबी किती मेले, याची कथा मात्र कोणी सांगत नाही. त्यानंतर १६८१ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुरा आणि इतर सतरा पुरे लुटले. तटाच्या आत सैन्य होते. पुरे मात्र तटाबाहेर उघडे होते आणि व्यापाऱ्यांची धनदौलत त्या पुऱ्यांतच साठलेली होती. पुढे सुभ्याचे ठाणे औरंगाबादेस गेले, बादशाही गेली, आणि एकेकाळी कोसच्या कोस पसरलेले शहर आकसत आकसत आले. १९०१ च्या शिरगणतीत येथे जेमतेम तेहतीस हजार माणसे उरली होती.

तेहतीस हजारांचे दोन लाखांवर गेले ते अर्थातच काही घरच्या वाढीने आणि काही नव्या येणाऱ्यांनी. हे नवे येणारे कोण होते, ते पाहू.

अठराव्या शतकात दाउदी बोहरा समाजाचे सत्पुरुष सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन हे १७३० साली येथे निवर्तले. लोधीपुऱ्याच्या बाजूस असलेला त्यांचा ‘दरगाह-इ-हकीमी’ हे आज देशोदेशींच्या बोहऱ्यांचे यात्रास्थान आहे. त्या शतकाच्या उत्तरार्धात बोहऱ्यांच्या दाईंची गादीही काही काळ बऱ्हाणपुरास होती. त्यापूर्वी, १७०८ साली, गुरू गोविंदसिंह नांदेडकडे जाताना येथे थांबले होते. बडी संगत गुरुद्वारा त्यांच्या मुक्कामाची आठवण राखून आहे. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बऱ्हाणपूर पेशव्यांस दिले, पुढे ते शिंद्यांकडे गेले आणि १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे. या शंभर वर्षांत मराठी कारकून, भिक्षुक, शिलेदार आणि शेतकरी यांची वस्ती शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत पक्की झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूरणसाहेबांनी नागझिरीस कबीरपंथाची गादी स्थापन केली, आणि कबीराच्या ‘बीजका’चा अर्थ सांगणारी एक मोठी परंपरा येथून सुरू झाली.

मग आगगाडी आली आणि विणकरांची मोठी लाट आली. १८५७ च्या बंडानंतरच्या धामधुमीत आणि त्यापुढील दुष्काळांत अलाहाबाद, बनारस, आझमगड, मऊ या भागांतील मोमीन विणकर आपली बिऱ्हाडे घेऊन दक्षिणेकडे निघाले. मालेगाव, भिवंडी आणि धुळे या गावांची आजची वस्ती त्यांनीच बदलली, हे महाराष्ट्रातील वाचकांस माहीत आहे. बऱ्हाणपूर हे त्याच वाटेवरचे एक ठाणे. आज शहरात यंत्रमागांचा जो खडखडाट ऐकू येतो, त्यामागे या स्थलांतराचा मोठा वाटा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लालबागेकडे ताप्ती मिल निघाली आणि खेड्यांतील माणूस शहराकडे ओढला गेला.

शेवटची मोठी लाट १९४७ ची. फाळणीनंतर सिंधमधील हिंदू निर्वासित देशभर विखुरले. त्यांतील काही कुटुंबे बऱ्हाणपुरास आली आणि ‘सिंधी बस्ती’ उभी राहिली. आता सिंधीपुरा आठवावा. चारशे वर्षांच्या अंतराने एकाच सिंध प्रांतातून दोन वेळा माणसे आली. पहिली मुसलमान सूफी, दुसरी हिंदू व्यापारी. दोघांनीही आपला मुलूख सोडला तो राजकीय उलथापालथीमुळे. आणि दोघांनाही या शहराने तेच नाव दिले. ‘सिंधी’ म्हणजे कोणता धर्म आणि कोणता वंश, याचे उत्तर बऱ्हाणपुरात तरी एका शब्दात देता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंग्रजी अमदानीत अशा वस्तीचे वंशवार वर्गीकरण करण्याची मोठी हौस होती. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची आणि कवट्यांची मापे घेऊन भारतीयांचे सात प्रकार ठरविले. मराठी ब्राह्मण आणि कुणबी यांना त्यांनी ‘शक-द्राविडी’ या एकाच खणात टाकले. पुढे शास्त्राने हा खटाटोप मोडीत काढला. आपल्या इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांना कवटीच्या आकारावरून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व सिद्ध झालेले हवे होते. बाईंनी मापे घेतली आणि तसा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष निर्भयपणे लिहून दिला. अलीकडे, २००९ आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासांनी असे दाखविले की, भारतातील जवळजवळ सर्व समाज प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले आहेत आणि हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोराने चालले होते. त्यानंतर मात्र जातीबाहेर लग्ने करण्याची चाल बंद पडत गेली.

या दुसऱ्या भागाकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बऱ्हाणपूरचे पुरे शेजारी शेजारी वसले. परंतु एका पुऱ्यातील मुलगी दुसऱ्या पुऱ्यात सून म्हणून क्वचितच गेली. बोहरी बोहऱ्यांत, गुजर गुजरांत, मोमीन मोमीनांत, सिंधी सिंध्यांत, अशीच सोयरीक होत राहिली. म्हणून ‘येथे सर्वांचे रक्त एक झाले’ असे गोड बोलून मोकळे होता येत नाही. जे एक झाले ते रक्ताहून वेगळे आहे. येथील कलाबतूचेच पाहा. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवावयाचा, ती कांब पोलादी पट्टीच्या बारीक बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढीत केसासारखी तार करावयाची, ती ठोकून चपटी करावयाची, मग रेशमाच्या धाग्यावर गुंडाळावयाची आणि ती जर मागावर पदरात व काठात विणावयाची. भांडवल सराफाचे, ओढणारा हात तारकसाचा, माग विणकराचा आणि नेसणारी बाई खानदेशातील किंवा वऱ्हाडातील. यातील एकही दुवा गळला तर उरलेल्या सर्वांची चूल बंद. या शहराला जे बांधून ठेवले ते अशा परस्परांच्या गरजेने.

आणखी एक गोष्ट. तटाच्या वेशींना शनवारा, इतवारा, सिंधीपुरा, शिकारपुरा, राजपुरा, लोहारमंडी अशी नावे आहेत. या नावांत भिल्ल नाहीत, कोरकू नाहीत. जे सर्वांच्या आधी या खोऱ्यात होते, त्यांच्या नावाची वेस शहराला नाही. बाहेरून आलेल्यांना पुरे मिळाले. आधीपासून असलेले डोंगराकडे सरकत गेले आणि आज मोळी, भाजी किंवा मजुरी घेऊन शहरात येतात आणि संध्याकाळी परत जातात. ‘आम्ही येथले मूळचे आणि तुम्ही उपरे’ असा वाद आजकाल गावोगाव ऐकू येतो. बऱ्हाणपुरात तो घालावयाचा अधिकार जर कोणाला असेलच, तर तो यांना आहे. आणि ते तो घालीत नाहीत. बाकीच्या सर्वांचे पूर्वज कोणत्या ना कोणत्या वर्षी बिऱ्हाड पाठीवर टाकूनच या वेशीपाशी आले. त्या वर्षांत फरक आहे, इतकेच.

१९३१ नंतर शिरगणतीत सर्व जातींची मोजदाद झाली नव्हती; येत्या शिरगणतीत ती पुन्हा करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला. ही मोजदाद कोणास काय मिळाले आणि कोण मागे राहिले, हे समजण्यास उपयोगी पडावी. परंतु रकाना भरला की माणूस समजला, असे मानण्याची चूक होऊ नये. आम्ही शिक्षक मंडळी यात थोडी मदत करू शकतो. वर्गातील मुलांना आपापल्या गल्लीचे नाव कसे पडले हे विचारून यावयास सांगावे. आपले आजोबा-पणजोबा येथे कोठून, कोणत्या साली आणि कशासाठी आले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावयास सांगावे. कोणी दुष्काळ लिहील, कोणी माग लिहील, कोणी फाळणी, कोणी बदली, कोणी केवळ लग्न असे लिहील. चाळीस मुलांच्या चाळीस वह्या शेजारी ठेवल्या, की त्या शहराच्या वस्तीचा इतिहास आपोआप तयार होतो. लोधीपुऱ्यातील मुलाच्या वहीत काबूल निघेल, नर्मदा निघेल, की आझमगड निघेल, हे आधी सांगता येणार नाही. आणि जे निघेल ते वर्गात उभे राहून मोठ्याने वाचण्यास त्याला संकोच वाटू नये, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.